बुरुजावरचा अंदाज

इंग्रजीत 'स्पेक्युलेट' म्हणजे तर्क बांधणे. या क्रियापदाचं मूळ लॅटिनमधल्या टेहळणीच्या मनोऱ्यात आहे. आधी मनोऱ्यावरून बघणं, मग मनानं बघणं, मग अंदाज करणं आणि पुढं नफ्याच्या आशेनं सट्टा खेळणं, असे त्याचे अर्थ बदलत गेले. मी इंजिनिअर. कंपनीचा किती माल खपेल याचे अंदाज काढण्याचा पगार घेतो, आणि ते बहुधा चुकतात. शब्दकोशात हे वाचलं तेव्हा आजीचे वडील महांतप्पा आठवले.

ते लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यात राहत. १९४८चा उन्हाळा, निजामी राजवटीचे शेवटचे महिने. कुठं धाड पडेल सांगता येत नव्हतं. गावानं महांतप्पांना गढीच्या बुरुजावर बसवलं, कारण आपली नजर तेज आहे असं तेच सगळ्यांना सांगत.

एका रविवारी त्यांना सास्तूरच्या वाटेवर धूळ दिसली. "धाड आली," त्यांनी हाळी दिली. गाव रानात पळालं.

धुळीतून दोन बैलगाड्या निघाल्या. नागम्माला, म्हणजे माझ्या आजीला, आपल्या मुलासाठी बघायला शांतलिंग आपली माणसं घेऊन आले होते. यायचं सोमवारी ठरलं होतं, पण वाटेचा भरवसा नाही म्हणून ते आदल्या दिवशीच निघाले. समोर अख्खं गाव पळताना पाहून त्यांनीही अंदाज बांधला, की इथं धाड पडलीय. गाड्या जागीच वळल्या.

महांतप्पांनी तेव्हा कुठं व्याह्यांचा पटका ओळखला. लेकीची सोयरीक परत चालली होती. ते काठी घेऊन मागं धावले. "पाव्हणं, थांबा की ओ!" काठीवाला मागं लागलाय पाहून बैल आणखी पिटाळले गेले. ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं तेव्हा गाठ पडली.

"कुणाला भिऊन पळालं ओ तुमचं गाव?" शांतलिंगांनी विचारलं.

"तुम्हालाच."

"आन् आमी?"

"तुम्ही मला," महांतप्पा धापा टाकत म्हणाले.

शांतलिंग वाळूत बसून हसले. तेवढ्यावर महांतप्पांनी लेकीचं रूप, उंची, भाकरीचा हात सांगायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या नजरेवर आता भरवसा न्हाय. पोरगीच दाखवा. कुठं हाय?"

महांतप्पांनी ओस गावाकडं पाहिलं. "अंदाजानं सांगू?"

शेवटी सगळे गावात परतले तेव्हा नागम्माच कडब्याच्या गंजीमागून बाहेर आली, हातात कुऱ्हाड घेऊन. शांतलिंगांनी तिथंच होकार दिला आणि पुढं ते माझे पणजोबा झाले. म्हणजे त्या दिवशी पळालेले दोन्हीकडचे माझेच.