पिशव्या सांभाळणारे मुकादम

मुकादमांनी आम्हाला आल्प्समधले किती डोंगर दाखवले याची मोजदाद नाही, पण स्वतः ते त्यातल्या एकाही डोंगरावर गेले नव्हते. दर उन्हाळ्यात कॅनडातल्या, मिसिसागाच्या आमच्या निवृत्त मंडळींचा ग्रूप ते युरोपात घेऊन जायचे. विमान, हॉटेल, बस, तिथला गाइड, सगळं त्यांनी ठरवलेलं असायचं. केबल कार जिथून सुटते त्या पायथ्याच्या स्टेशनापर्यंत ते आमच्या पुढे चालायचे. तिथे एक बाक हेरायचे, आमच्या जड पिशव्या, जास्तीचे स्वेटर, चिवड्याचे डबे स्वतःभोवती मांडून घ्यायचे आणि म्हणायचे, "जा आता. मी आहे इथे." दुपार कलल्यावर आम्ही खाली यायचो तेव्हा ते त्याच बाकावर असायचे. त्यांना उंचीची भीती वाटायची. ते ती लपवायचे नाहीत आणि तिची लाजही बाळगायचे नाहीत.

मुकादम हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सत्तरच्या दशकात इकडे आलेले सिव्हिल इंजिनियर ते. जन्मभर हायवेवरच्या पुलांची ड्रॉइंग्ज केली. "पूल मी काढायचे, वर चढायचं बाकीच्यांनी," असं सांगायचे. मुकादम हे नाव आमच्या मंडळाच्या गणपतीत पडलं. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, कार्यक्रम सुरू व्हायला आलेला, आणि लोक नेहमीप्रमाणे दारात घोळका करून उभे. मुकादमांना उभा माणूस बघवत नसे. ते खुर्च्यांच्या रांगांतून फिरायचे. "जोशी, तुम्ही कडेला बसा, तुम्हाला वॉशरूमला उठावं लागतं. काकू, इथे नको, तिथे हीटरची झळ येते. पर्स मांडीवर घ्या, खुर्ची माणसासाठी असते." मंत्री आला तरी त्यांनी त्याला याच सुरात बसवलं असतं. "माणसं नीट बसली की काम झालं," हे त्यांचं म्हणणं. पुढे आरती, नाटुकलं, बक्षीस समारंभ कितीही कोसळो, त्यांना त्याचं सोयरसुतक नसे.

आमचं घर एकोणिसाव्या मजल्यावर, काचेच्या भिंतीचा काँडो. येणारा प्रत्येक पाहुणा आधी खिडकीपाशी जातो आणि "वा, ऑंटारियो लेक दिसतो की" म्हणतो. मुकादम मात्र आत आले की फ्रिजकडे तोंड करून बसायचे. आमच्या यांनी एकदा त्यांना चिडवलं, "अहो, फ्रिजमध्ये काय बघताय?" तर म्हणाले, "फ्रिज जमिनीवर उभा आहे हे बघतोय. मला तेवढा आधार पुरतो." भीतीचं मूळ काय, असंही मी विचारून पाहिलं. लहानपणी पडला होतात का? कोणी ढकललं होतं का? "कारण सापडलं असतं तर दुरुस्त केलं असतं," ते म्हणाले. "इंजिनियर आहे मी."

मग असा माणूस डोंगरातल्या सहली काढतो कशाला? तर बायकोसाठी, आमच्या शालिनीवहिनींसाठी. वहिनी साताऱ्याच्या. शाळेत असताना अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी जाऊन यायच्या आणि मगच आंघोळ करायच्या. सपाट जागी त्या कोमेजायच्या, आणि दक्षिण ऑंटारियोत तर बहुतेक सगळंच सपाट. मुकादम त्यांच्याबरोबर वर जाऊ शकत नव्हते आणि त्यांना एकटीला पाठवायला मन घेत नव्हतं. "तिला डोंगर लागतो, मला जमीन लागते. मधे माणसं हवीत, म्हणून तुम्हाला जमवलं," असं त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे आमचा सगळा ग्रूप हा वहिनींना सोबत म्हणून होता. यात कोणाला कमीपणा वाटला नाही. वहिनींचा सुधारस आमच्याबरोबर वर यायचा हे त्याचं एक कारण असेल.

इथले, घरचे रॉकीज पर्वत सोडून युरोप का, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "रॉकीजमध्ये अस्वल, आल्प्समध्ये गाय. आपल्याला गाय समजते. शिवाय तिथे डोंगराच्या माथ्यावर चहा मिळतो आणि वॉशरूम असते."

सहल जूनमध्ये, पण तयारी जानेवारीत. बाहेर उणे वीस, फूटपाथवर बर्फाचे ढीग. मग आमचा आल्प्स मॉलमध्ये. दुकानं उघडायच्या आधी मॉलचे दरवाजे चालणाऱ्यांसाठी उघडतात. आम्ही विंटर बूट काढून पिशवीत टाकायचो, स्पोर्ट शूज चढवायचो आणि मुकादमांच्या मागे निघायचो. ते चालता चालता टाळ्या वाजवायचे आणि मला दटावायचे. "सुनंदा, शोकेस बघू नका, श्वास घ्या." बंद दुकानांच्या जाळ्यांपुढून, रिकाम्या फूड कोर्टला वळसा घालून आमची वरात निघायची. फेऱ्या झाल्या की कॉफी. अर्थात आधी सगळ्यांना बसवून.

२०१६च्या त्या हिवाळ्यात अशाच एका कॉफीला वहिनींनी बातमी सांगितली. घर विकायला काढलं होतं. मुलगी विनिपेगला, तिला जुळं झालेलं, तेव्हा सप्टेंबरात कायमचं तिकडे जायचं. "विनिपेग मी पाहिलंय," वहिनी म्हणाल्या. "परातीसारखं सपाट. म्हणजे यंदाचा डोंगर हा माझा शेवटचा." मग त्यांनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हटलं, "इतकी वर्षं मी वरून तुमचा बाक शोधत बसते. या वेळी तुम्ही वर आलात तर मी जाईन. नाही आलात तर मीही खाली बसेन. दोघं मिळून पिशव्या सांभाळू."

वहिनी धमकी देत नव्हत्या. त्यांना डोंगर नवऱ्याबरोबर बघायचा होता, इतकंच. मुकादमांनी आपलाही कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं. प्रॅक्टिस करू."

आणि आमच्या मॉलच्या आल्प्सला एकदम वेगळाच अर्थ आला. आता सगळा ग्रूप एकट्या मुकादमांना वर चढवायच्या मागे लागला. पहिला आठवडा वरच्या मजल्याच्या कठड्यापाशी. ते कठड्यापासून हातभर लांब उभे राहायचे आणि आमचे हे त्यांचं कोपर धरायचे. मग काचेची लिफ्ट. तीत ते डोळे मिटून गेले, घामाघूम होऊन वर पोचले आणि जिन्याने खाली आले. मॉलचा पंजाबी सिक्युरिटी गार्ड धावत आला. "अंकलजी, सब ठीक? कॉल करूँ किसी को?" "सब ठीक है," मुकादम म्हणाले, "हम आल्प्स जा रहे हैं." तो बिचारा आमच्याकडे बघत राहिला.

मुलीला हे कळलं तेव्हा तिने विनिपेगहून फोन केला. तो स्पीकरवर होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकला. "बाबा, यू डोंट हॅव टू प्रूव्ह एनिथिंग!" मुकादम म्हणाले, "प्रूव्ह कोण करतंय? आईबरोबर वर जायचंय." मार्चअखेर ते त्या लिफ्टमधून एक डोळा उघडा ठेवून जाऊ लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या, कॉफी घेतली आणि मनातून सगळ्यांना ठाऊक होतं, की मॉल म्हणजे काही डोंगर नव्हे.

जूनमध्ये ऑस्ट्रियातल्या टिरोलला गेलो. हिरव्या उतारावर घंटा वाजवणाऱ्या गाई, खिडक्यांतून लाल फुलं, आणि समोर मान वर करून बघावे लागणारे कडे. तिथली केबल कार छोट्या छोट्या केबिनची. त्या केबिन एकामागून एक येतात, स्टेशनात हळू होतात पण थांबत नाहीत. दार उघडतं, चालत्या केबिनमध्ये पाऊल टाकायचं, पुढे दार आपोआप बंद होतं. पहिल्या सकाळी मुकादम फाटकापर्यंत आले. त्यांनी ती तार बघितली, ती धुक्यात शिरून दिसेनाशी होते ती जागा बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. ते वळले आणि बाकावर जाऊन बसले. वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. आम्ही वर गेलो खरे, पण त्या दिवशी माथ्यावर कोणी फोटोसुद्धा धड काढले नाहीत.

नंतरच्या दिवशीही तेच. वहिनींचा चेहरा हसरा होता. त्या गाईंची चौकशी करत होत्या, स्वेटर विणत होत्या. मला मात्र भयंकर राग येत होता. मुकादमांचा, केबल कारचा आणि त्यातल्या त्यात विनिपेगचा.

शेवटची सकाळ. आभाळ स्वच्छ. ग्रूपचं तिकीट मुकादमांकडेच असायचं, त्यामुळे ते आम्हाला फाटकातून आत सोडायला प्लॅटफॉर्मवर आले होते; खांद्याला नेहमीप्रमाणे आमच्या पिशव्या. वहिनी त्यांच्या मागे, खालीच थांबायच्या तयारीने. आणि तेवढ्यात आपल्या लोकांनी आपला नेहमीचा गोंधळ घातला. जोशीकाकू चालत्या केबिनमध्ये शिरल्या आणि पाठच्या बहिणीसाठी समोरच्या सीटवर पर्स टाकून त्यांनी जागा धरली. बहीण अजून फाटकात. मी आत शिरले तर बसू कुठे? पर्सवर? मी उभीच. केबिन पुढे सरकतेय, काकू "अगं ये ना, जागा धरलीय" असं ओरडताहेत, तिथला माणूस हातवारे करत जर्मनमध्ये ओरडतोय.

आणि मुकादमांना उभा माणूस बघवत नसे.

"अहो, पर्स उचला आधी!" ते तरातरा पुढे आले. "सीट माणसासाठी असते. सुनंदा, तुम्ही तिकडे सरका. काकू, गुडघे आत घ्या, दाराला लागतील." काकू ऐकेनात, तेव्हा त्यांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा, पर्स उचलून काकूंच्या मांडीवर ठेवली, मला खांद्याला धरून बसवलं. "आता कसं, नीट बसलात," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागे दार बंद झालं.

केबिनने एक हिसका दिला आणि प्लॅटफॉर्म संपला. मुकादम मटकन माझ्या शेजारी बसले, डोंगराकडे पाठ आणि तोंड दरीकडे. आता हे डोळे मिटणार, असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे टक्क उघडे होते. बाकीची मंडळी आधीच वर गेली होती, काकूंची बहीण फाटकातच अडकली होती आणि प्लॅटफॉर्मवर वहिनी एकट्या राहिल्या होत्या. क्षणभर त्या बघतच उभ्या होत्या. मग सत्तरी ओलांडलेल्या आमच्या वहिनी चक्क धावल्या आणि आमच्या मागच्या केबिनमध्ये शिरल्या.

"बसली का ती नीट?" मुकादमांनी विचारलं. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.

"बसल्या."

"एकटीच आहे. दार लागलं ना तिचं? नीट बघा."

"लागलं हो."

प्रत्येक खांब आला की केबिन खडखडायची, आणि ते म्हणायचे, "आता तिचीही हलेल." मग खरंच वहिनींची केबिन हलायची, आणि ती पुन्हा स्थिर झाली की ते श्वास सोडायचे. खाली झाडं काडीपेटीएवढी झाली होती. त्यांना ती दिसली नाहीत. त्यांना मागची काच दिसत होती आणि काचेमागे हात हलवणाऱ्या वहिनी. एकदा त्यांनीही माझं मनगट सोडून हात हलवला आणि लगेच पुन्हा धरलं.

वर पोचल्यावर ते उतरले, पण बाजूला झाले नाहीत. मागची केबिन आली तसा त्यांनी हात पुढे केला आणि वहिनींना उतरवून घेतलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. काकू तर हुंदके देत होत्या, पण त्यांची पर्स सुखरूप होती.

"बघा आता," वहिनी म्हणाल्या.

मुकादमांनी बघितलं. चारी बाजूंनी बर्फाची शिखरं, ऊन, आणि खूप खाली खेळण्यातलं वाटावं असं आमचं गाव. वहिनींनी बोट करून पायथ्याचा तो बाक दाखवला. तो रिकामा होता. पिशव्या त्यांच्या खांद्यालाच होत्या.

"बरंच आहे की," मुकादम म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चहा कुठे मिळतो?" माथ्यावरच्या हॉटेलात बाकांची टंचाई होती आणि एक जर्मन कुटुंब ट्रे घेऊन ताटकळत उभं होतं. मुकादमांनी आम्हाला सरकवून त्यांना बसवलं.

ते विनिपेगला गेल्यावर फोन यायचे. "उत्तम गाव आहे. इथे खुर्चीवर चढलं तरी माथ्यावरून बघितल्यासारखं सगळं दिसतं." तिथल्या मॉलमध्येही त्यांनी माणसं जमवली होती. तिथला दुसरा हिवाळा. एका सकाळी त्यांनी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढला, घरात आले, बूट काढायला दारातल्या स्टुलावर बसले आणि उठलेच नाहीत. मुलगी रडत सांगत होती, "ही वॉज जस्ट सिटिंग देअर, मावशी." मी फ्रिजसमोरच्या त्यांच्या खुर्चीकडे बघत राहिले.

त्या उन्हाळ्यात मी वहिनींना बळेच बोलावून घेतलं. पुन्हा टिरोल, पुन्हा तेच स्टेशन. आम्ही सगळे पायथ्याशी पोचलो आणि जागच्या जागी थबकलो. प्रत्येकाने सवयीने पिशवी खांद्यावरून उतरवली होती, आणि ती द्यायची कोणाकडे हे कोणालाच कळत नव्हतं. शेवटी वहिनींनी हात पुढे केला. "आणा इकडे," म्हणाल्या, आणि मावतील तेवढ्या घेतल्या.

आम्ही दोघी एका केबिनमध्ये बसलो. पिशव्या मांडीवर घेऊन वहिनी तेव्हा मुकादम बसले होते त्या बाजूला बसल्या, डोंगराकडे पाठ करून. मला राहवेना. "वहिनी, इकडे या. डोंगर इकडून दिसतो."

"असू दे. तो काय पळून जातोय?" त्या म्हणाल्या. "ते असेच मला बघत वर आले होते."

मागची केबिन रिकामी होती. प्रत्येक खांबाला ती हलत होती आणि पुन्हा स्थिर होत होती. वर पोचेपर्यंत वहिनींनी तिच्यावरची नजर काढली नाही.