आईच्या सुतकात उचललेला भंडारा

आमच्या मेंढपाळ पणजोबांना निजामी अमलात जन्मठेप झाली. आरोप होता, एका अंमलदाराच्या खुनाच्या कटात सामील असल्याचा. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावाला त्याचा अभिमान. गेल्या वर्षी वेशीत त्यांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं आणि मजकूर माझ्याकडे आला, कारण मोर्चांची पत्रकं मीच लिहितो. ‘जुलमी अंमलदाराला संपवणारा वाघ’ ही ओळ मी लिहूनही टाकली होती.

मग त्यांच्या खटल्याच्या उर्दू निकालाचं भाषांतर हाती आलं, केजच्या एका निवृत्त मास्तरांनी करून दिलेलं. वाचता वाचता डोकं तापलं. पणजोबांविरुद्ध पुरावा एकच, माफीचा साक्षीदार. स्वतःची मान सोडवून घेतलेला माणूस. तो म्हणतो, कटवाल्यांनी खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली, त्यात हेही होते. पुढे त्याच निकालात आहे की तेव्हा पणजोबांची आई वारली होती आणि दहावाही व्हायचा होता. त्यावर न्यायाधीश काय लिहितात? घरापासून देऊळ लांब नाही, येता आलं असतं. अंतर मोजलं साहेबांनी! सुतकातला मेंढपाळ खंडोबाची पायरी चढत नाही, भंडाऱ्याला हात लावत नाही, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

दगडाचं काम चुलत्यांकडे होतं. त्यांना सगळं वाचून दाखवलं.

"म्हंजी ते कटात नव्हतेच?"

"पुराव्यात तरी न्हाईत, तात्या."

"मग दगडावर काय लिवतो? सुतकात घरी बसलते म्हणून?"

शेजारी बसलेला चुलतभाऊ हसला. "वाघाचं मेंढरू केलंस बे."

मी शेवटचं पान काढलं. तीच माफी पोलिसांनी आधी पणजोबांना देऊ केली होती. अट एकच, देवळात कोण कोण होतं ते सांगायचं. मी तिथं नव्हतो, नावं कुठून आणू, एवढंच ते बोलले. न्यायाधीशांनी त्याला आडमुठेपणा म्हटलंय.

"चार नावं घेतली असती तर सुटलेच असते की," तात्या हळूच म्हणाले.

"सुटले असते. दुसऱ्यांची घरं बुडाली असती."

तात्यांनी ते पान माझ्याकडून घेतलं, नीट घडी घालून परत दिलं. मग म्हणाले, "लिव तसंच."

दगडावर आता आहे: ‘यांनी खून केला नाही. सुटण्यासाठी कुणाचं खोटं नावही घेतलं नाही.’

अनावरणाला आलेल्या पुढाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. जरा जोरदार लिहायचं होतं, म्हणाला.

तात्या म्हणाले, "साहेब, यापेक्षा जोरदार तुमच्याकडं काय हाय?"