मामाचं रक्त चालत नाही

"हा एचएलएच वाटतोय," इंदूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मी विचारलं, "म्हणजे टायफॉइड नाही?" बऱ्हाणपुरात बारा दिवस आम्ही माझ्या चार वर्षांच्या गोटूला टायफॉइडचंच औषध देत होतो. ताप हटत नव्हता. पोट फुगलं होतं आणि ओठ पांढरेफटक पडले होते.

एचएलएच म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती बेफाम होऊन आपल्यावर उलटते. स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू झालं. पण बाईंचं समाधान नव्हतं. "संसर्गाने झालं असेल तर औषधांनी आवरेल. जन्मजात असेल तर औषध थांबवलं की परत येईल. मग बोन मॅरो बदलावा लागेल, नाहीतर मूल वाचत नाही."

हे ठरवणारी तपासणी परफोरिनची. परफोरिन हे आपल्या पांढऱ्या पेशींतलं प्रथिन. ते रोगट पेशीला भोक पाडतं, म्हणजे ती मरते आणि लढाई थांबते. "मोची आहे पण भोक पाडायची आरी नाही, अशी गत झाली असेल तर कळेल," बाई म्हणाल्या. मुंबईच्या प्रयोगशाळेत रक्ताला चमकणारा रंग लावतात आणि परफोरिन किती ते यंत्र मोजतं. रंग नीट लागला की नाही हे कळायला सोबत निरोगी माणसाचंही रक्त लागतं. त्याला कंट्रोल म्हणतात. सिस्टरने बजावलं होतं, नात्यातलं नको.

माझा थोरला भाऊ, दादा, बाही वर करून बसलासुद्धा. "परक्याचं रक्त कायले? मामा काय मेला का? मित्र सांगतो मी," तो माझ्या कानात म्हणाला.

त्याचं ऐकून सिस्टरने फॉर्मवर 'मित्र' लिहिलं. मी शेजारी उभी होते. खरं सांगते, मला भावाचा अभिमानच वाटला. चार माणसांत तोंड चालवणारी मी, त्या दिवशी गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. "कंट्रोलमध्येही परफोरिन निम्मंच दिसतंय. रंग बिघडला असेल, तर गोटूचा रिपोर्ट धरता येणार नाही. हा मित्र कोण?"

"माझा भाऊ," मी म्हणाले. मग त्यांनी आम्हा नवरा-बायकोचं नातं विचारलं. गोटूचे बाबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आमच्याकडे मामाची मुलगी करण्यात कोणाला वावगं वाटत नाही. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, परफोरिनचा जन्मजात दोष मामातही अर्धा असू शकतो, आणि तुम्हा दोघांतही; दोन्ही अर्धे गोटूत एकत्र आले असतील.

तीन दिवस वाया गेले होते. गोटूच्या प्लेटलेट खाली चालल्या होत्या, नाकातून रक्त येत होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आमच्या भाड्याच्या गाडीचे चालक चांदनी गावचे होते. पन्नाशीचे, अखंड बोलणारे. बऱ्हाणपुरातून निघाल्यापासून मी त्यांच्यावर डाफरत होते. औषधं घेऊन ते वर आले आणि काय झालं ते त्यांनी ऐकलं.

"मेरा ले लो ना, ताई. सुईची भीती वाटते मले, पण मी तिकडे पाहतच नाही."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि पूर्ण वेळ नेपानगरच्या रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही.

आणखी दोन दिवस. मग रिपोर्ट आला. त्यांच्या रक्तात परफोरिन भरपूर, गोटूच्यात जवळपास नाहीच. वाईट बातमी होती, पण रस्ता कळला. आमच्या इराचा, गोटूच्या बहिणीचा, बोन मॅरो जुळला. तिच्यात दोष नव्हता. पुढचे महिने कसे गेले ते आठवायची माझी अजून तयारी नाही.

गोटू वाचला. तुमच्यावर ही वेळ आली, तर फॉर्मवर खरं लिहा. एवढ्यासाठीच हे लिहिलं.

गोटू मास्क लावून घरी आला त्या दिवशी दादाची दोन वर्षांची चिऊ त्याच्या खाटेवर चढून बसली. आई सवयीने मला म्हणाली, "आली पाहा तुझी सून."

दादाने चिऊला उचलून नीट गोटूच्या शेजारी बसवलं.

"सून नाही, माय. बहीण आहे त्याची. औंदा राखी बांधीन ती."

आईने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी गप्प बसले नाही. "दोन राख्या आण, दादा," मी म्हणाले. "एक मला चांदनीला, गाडीवाल्या भाऊंकडे न्यायची आहे."