ळ संपले आणि राक्षस बदलला

छापखान्यातली रद्दी निदान किलोवर विकता येते हो! किश्श्यांचं काय करायचं? सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका साप्ताहिकाची प्रुफं तपासायचो, तेवढ्यातलेच पोतंभर साठलेत.

आमच्या अंकात एक मास्तर विनोदी अद्भुत कादंबरी लिहायचे. नायक राक्षस. नाव खळबळासुर, मुक्काम रंकाळा तलावात, आणि पहाटे दूधकट्ट्यावर बादलीभर धारोष्ण दूध! अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला बापू कंपोझिटर. माणूस फुंकर मारली तर उडेल असा. लेक शालन लग्नाची, त्यामुळे त्यांचा सगळा जीव तिच्या स्थळात अडकलेला.

*

एकदा एक म्हातारा दारात उभा. "आमची म्हस रंकाळ्यावरनं परत आली न्हाई. तुमच्या राक्षसानं खाल्ली व्हय?"

मास्तरांना दया आली. पुढच्या अंकात त्यांनी राक्षसाला एक म्हैस मालकाच्या दारात सोडायला लावली. आठवड्यानं म्हातारा हजर, हातात दुधाचा तांब्या!

"घावली की म्हस! हे राक्षसाला द्या. इमानदार हाय गडी!"

दूध आम्ही चहाला वापरलं.

*

मग राक्षसानं कादंबरीत एक पैलवान चीत केला. दुसऱ्या दिवशी खरे वस्ताद आले. "आमचा गडी पाडला म्हनं? बोलवा त्याला आखाड्यात!"

मास्तर म्हणाले, "वस्ताद, तो काल्पनिक आहे."

"कुठल्या का तालमीचा असंना! आणा!"

*

आता बापूंचं ऐका. एका अंकाला त्यांच्याकडचे ळ चे खिळेच संपले. खळबळासुराला दरवेळी दोन-दोन लागणार, पुरणार कुठनं?

"मास्तर, नाव बदला की!"

"घाला काय वाटेल ते!" म्हणून मास्तर तणतणत शाळेत गेले.

बापूंना दुसरं नाव सुचेना, त्यांनी स्वतःचंच घातलं! मी तापानं घरी, प्रूफ बघितलं कुणी? अंकात छापून आलं, 'बापू कंपोझिटर पाण्यातून बाहेर आला, शिंगं झटकली आणि बादलीभर दूध एका दमात प्यायला.'

आणि त्याच रविवारी शालनला बघायला गारगोटीचे पाहुणे येणार होते.

बापूंनी मला धीराला नेलं. पाहुणे बसले. मुलाच्या वडलांनी खिशातून घडी काढली, तो आमचाच अंक! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका प्रुफापायी पोरीचं लग्न मोडणार! शालननं पोहे आणले, पण कुणी हात लावीना. मुलाचे वडील एकदा अंकाकडं बघायचे, एकदा बापूंच्या डोक्याकडं.

बापूंनी डोकं चाचपलं. "पावणं, त्येचं काय झालं... ळ संपल्यात..."

"ऱ्हाऊ द्या ओ. पोरगी पसंत हाय आमाला." त्यांनी अंकाची घडी घालून खिशात ठेवली. "फकस्त वरातीला येताना शिंगं तेवढी काढून या. आमची घोडी बुजती!"