काशिरामचं अर्धं झाकण

पनवेलला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर काशिरामचा फोटो स्टुडिओ होता. बाजाराच्या दिवशी त्याच्या दारात ही गर्दी! फोटो काढायला नव्हे हो, काचेतला एक फोटो बघायला. त्यात काशिराम खुर्चीत ऐटीत बसलेला, आणि वाकून त्याला विडा देणारा माणूसही काशिरामच! कुणी म्हणायचं, जुळा भाऊ असणार. कुणी म्हणायचं, भानामती. काशिराम दारात उभा राहून सगळं ऐकायचा आणि खुशीत मिशा पिळायचा.

गिरगावात एका फोटोग्राफरकडे काचा धुता धुता तो ही विद्या शिकला होता. बावन्न-त्रेपन्न सालच्या पनवेलमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा कुणी नव्हता, निदान त्याचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं. उजेड बाजूने घ्यावा, नेम डोळ्यांवर धरावा आणि गिऱ्हाइकाला हलू देऊ नये, एवढंच शास्त्र, असं तो सांगायचा. बाकीची करामत पेन्सिलीची. निगेटिव्हच्या काचेवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून तो देवीचे व्रण बुजवायचा, सुरकुत्या घालवायचा. एकदा एका नवऱ्या मुलाचा तिरळा डोळा त्याने इतका सरळ करून दिला, की लग्नात मुलीकडचे लोक 'नवरा बदलला' म्हणून भांडायला उठले.

एका सकाळी बेलपाड्याची ठमाबाई त्या काचेसमोर येऊन उभी राहिली. मिठागरावर जन्म काढलेली बाई, मिठाने टाचा फुटलेल्या. फोटो नीट न्याहाळून ती तडक आत आली.

"एका मानसाला तू दोनदा बसवलास. मंग माज्या दोन पोरांना एकदा बसव."

"त्यात काय मावशी, या घेऊन."

"तीच तं रड हाय. एक आला का दुसरा येत नाय."

थोरला शिवा, धाकटा जगन. बाप गेला आणि मिठागरात खाडीचं पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून दोघांत जुंपली. आता घरात चुली दोन आणि बोलणं बंद. बापाचा फोटो कधी काढलाच नव्हता, त्याचा चेहराही ठमाबाईला आता धड आठवत नव्हता. आपलं तसं होऊ नये, दोन्ही लेकांच्या मध्ये बसलेला आपला एक फोटो मागे राहावा, एवढंच तिचं मागणं. पोरं आईबरोबर बसायला तयार होती, एकमेकांबरोबर नाही.

काशिरामच्या अंगात वारंच शिरलं. "अहो, त्यांना एकमेकांचं तोंडसुद्धा बघायला नको! भिंगावर अर्धं झाकण लावायचं. अर्ध्या काचेवर शिवा उमटेल. मग झाकण फिरवायचं, उरलेल्या अर्ध्यावर जगन! मी मलाच विडा दिला तो असाच. फक्त मधली जागा मोकळी हवी. तुम्ही शिवाला लागून बसा."

"नाय. मधी मीच बसनार. नायतर जगन बोलेल, आय शिवाच्या अंगाला बसली."

म्हणजे दोन अर्ध्यांचा जोड नेमका बाईच्या नाकावरून जाणार. शहाण्या माणसाने इथेच हात जोडले असते. पण अवघड काम दिसलं की काशिरामला चेव यायचा. "हरकत नाही! मावशी, तुम्ही फक्त दगड व्हायचं. एक उठेल, दुसरा बसेल. तुम्ही भिंगाकडे बघत राहायचं."

ठरल्या दिवशी शिवा पुढच्या दाराने आला, जगन मागच्या. कौलांत बसवलेल्या काचेतून सुरेख मऊ उजेड पडला होता. काशिराम काळ्या कापडात शिरला. तिथे माणसं डोकं खाली, पाय वर अशी दिसतात, पण त्याला त्याची सवय. शिवाला बसवलं, टिपलं, उठवलं. कॅमेऱ्याला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून झाकण फिरवलं. जगनला बसवलं, टिपलं. "झालं!" असं ओरडून या पन्नाशीच्या माणसाने चक्क उडी मारली.

लाल दिव्याखाली तो काच औषधात हलवू लागला. शिवा आला. जगन आला. वा रे पठ्ठे! मग मधला चेहरा आला आणि काशिराम मटकन खाली बसला.

ठमाबाई दगड झालीच नव्हती. शिवा शेजारी बसला तेव्हा तिची मान शिवाकडे कलली होती, जगन बसला तेव्हा जगनकडे. जराशीच, तिची तिलाही कळली नसेल. पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा उभा दुभंगला होता. एक डोळा या लेकाकडे, एक त्या लेकाकडे.

"हात्तिच्या, पेन्सिल आहे की!" म्हणत तो काच घेऊन खिडकीशी बसला. पण दुरुस्त काय करायचं? हा डोळा सरळ केला तर बाई शिवाकडे बघायची थांबते, तो केला तर जगनकडे. काशिरामला फार वाईट वाटलं. त्याने पेन्सिल ठेवून दिली आणि फोटो होता तसा छापला.

फोटो दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून न्यायला दोघेही आले, आईबरोबर. दोघे भाऊ टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले. काशिरामने मान खाली घालून फोटो मधोमध ठेवला.

जगन बघतच राहिला. मग भडकला. "माज्या आयचा तोंड असा कोनी केला रं?"

"मी नाही केलं," काशिरामही तापला. "मी नुसतं झाकण फिरवलं."

शिवाने फोटो हातात घेतला, खूप वेळ पाहिला आणि पदराने डोळे पुसणाऱ्या आईकडे न बघता तो जाऊन कॅमेऱ्यासमोरच्या बाकावर बसला, अगदी मधोमध. जगन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सरक," तो म्हणाला. "मधी आय बसंल."

शिवा सरकला.

काशिरामची अशी काही तारांबळ उडाली, की तो काच न घालताच कापडात शिरत होता! अर्धं झाकण त्याने कोपऱ्यात भिरकावलं. कापडाआडून तिघंही उलटी, डोकं खाली, पण एकत्र. दोघे भाऊ एरंडेल प्यायल्यासारखे बसलेले, आणि मध्ये ठमाबाई. आज तिला कुणीकडे वळायचंच नव्हतं. ती नाकासमोर बघत होती. त्या निगेटिव्हला काशिरामने पेन्सिल लावली नाही, एक सुरकुतीसुद्धा बुजवली नाही.

नवा फोटो घेऊन निघताना ठमाबाई दारातून मागे वळली आणि तिने टेबलावरच्या दुभंगलेल्या फोटोकडे बोट केलं.

"त्यो पन दे."

"तो कशाला मावशी? बिघडलेला आहे."

"ऱ्हाऊ दे घरात. परत भांडली तं दावीन."