आईला नाकारलेला प्रसाद

आमच्या घरात वडील कॅथलिक, आई प्रोटेस्टंट. त्यांच्या लग्नाला दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. आईच्या पाळकानं तर भर मंडळीपुढं तिला माफी मागायला लावली, तेव्हा कुठं प्रभुभोजनाची भाकर दिली. मोठा आला माफी देणारा!

रविवारी वडील नि मी छावणीतल्या कॅथलिक चर्चमध्ये उपासनेला, मिस्सेला जायचो, आई तिच्या चर्चमध्ये. बाकीचे दिवस ती मठातल्या सिस्टरांच्या स्वयंपाकघरात कामाला असायची. मिस्सेत प्रसाद म्हणून देतात त्या पांढऱ्या पातळ चकत्या तीच करायची. मैदा, पाणी आणि तापलेला लोखंडी साचा. बोटांना कायम चटके. पण एकदा का फादरनं वेदीवर त्या चकत्यांवर प्रार्थना म्हटली, की प्रोटेस्टंट म्हणून तिनं त्यांना तोंड लावायचं नाही. वा रे सोवळं!

वडील वारले तेव्हा आईनं फादरकडं एकच मागितलं. मातीच्या मिस्सेत मलाही तो प्रसाद द्या, एकदा तरी त्यांच्या पंगतीला बसू द्या, म्हणाली. हा माणूस नाताळात आमच्या घरी तिच्या हातच्या मटणावर ताव मारून जायचा. आता मान तिरकी करून म्हणाला, "नियम आहे, बाई. तुम्ही स्वतः मरणाच्या दारात असाल, तुमचे पाळक भेटत नसतील, तर बघता येतं."

"म्हंजे मी मरायला टेकल्यावर व्हय?" आई म्हणाली.

तरी मातीच्या दिवशी ती प्रसादाच्या रांगेत उभी राहिलीच. शवपेटीसमोर तरी याला लाज वाटेल, असं तिला वाटलं. कसली लाज न् कसलं काय! तिनं दोन्ही हात पुढं केले. फादरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी आशीर्वाद पुटपुटला आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. आई हात तसेच धरून उभी. मागं कुणीतरी खाकरलं. मग ती बाजूला झाली.

आता माझी पाळी. मला मागं फिरता आलं असतं. आईचा हात धरून बाहेर पडता आलं असतं. त्या नियमवाल्याला तोंडावर सांगता आलं असतं, ठेव तुझ्याकडंच. लई शूर मी! गप तोंड उघडलं.

बाकावर आईशेजारी जाऊन बसले. तिनं हळूच विचारलं, "तुला तरी दिलं न?"

मी मानेनंच हो म्हटलं. तोंडातली चकती अजून विरघळली नव्हती.