कचरूमामांच्या बंदुकीची चौकशी

विश्रांतवाडीतल्या आमच्या गल्लीत चौकशीला पोलीस आला की त्याला एकच उत्तर मिळतं, माणूस चांगला आहे. पासपोर्ट असो की नोकरी, ज्याच्याशी काल पाण्यावरून भांडण झालं तोही त्या दिवसापुरता देवमाणूस. भांडायला आपण आहोतच, त्यात पोलीस कशाला?

त्यामुळे कचरूमामांच्या बंदुकीची चौकशी सोपी जाणार, असं धरूनच चाललो होतो.

कचरू साळवे माझ्या खोलीसमोर राहतात. मार्केट यार्डातल्या एका बँकेबाहेर एकोणीस वर्षं बारा बोअरची बंदूक घेऊन उभे. बंदूक स्वतःची, परवानाही स्वतःचा, म्हणून तर नोकरी. इतक्या वर्षांत एकही गोळी झाडली नाही. एकदा बँकेत माकड शिरलं तेव्हा बंदूक रोखली होती, तर माकड बसून राहिलं आणि मॅनेजर टेबलाखाली गेले.

चैत्रात राधामामी वारल्या. मामा रडले नाहीत. पुण्यानुमोदनाला स्वतः सतरंज्या अंथरल्या, लोक गेल्यावर स्वतःच झटकून घड्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले.

बदल एवढाच, की रविवारी अर्धा तास बंदूक पुसायचे ते आता दुपारभर पुसू लागले. दारात खुर्ची, मांडीवर बंदूक, हातात पिवळं फडकं.

"मामा, बास की. पॉलिश निघेल," मी एकदा म्हणालो.

"निघू दे."

आम्हाला वाटलं, शिस्तीचा माणूस.

मग परवान्याची मुदत संपली. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि नूतनीकरणाच्या पडताळणीसाठी हवालदार नासिर बागवान फाईल घेऊन मामांच्या दारात आले. मामा चौकटीला टेकून उभे. आम्ही शेजारी हजर होतोच.

"स्वभाव रागीट?"

"अहो, रागवायला आधी बोलावं लागतं," शेजारच्या सुनीतीकाकू म्हणाल्या.

"व्यसन?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा."

"काही मानसिक ताण वगैरे?"

इथे मला राहवलं नाही. "छे हो! दर रविवारी चार-चार तास बंदूक पुसत बसतात. इतका शांत माणूस पुण्यात शोधून दाखवा."

बागवानांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग लिहून घेतलं.

"साहेब, मला नाही विचारलं," मामा म्हणाले.

"तुम्हाला काय विचारायचं मामा? अर्ज तुमचाच."

"ती घरी नको."

"म्हणजे?"

"पुसून झाली की काडतूस घालायचो. काढायचो. परत घालायचो." मामा पाण्याची वेळ सांगावी तसं सांगत होते. "एखाद्या रविवारी काढायचं राहील."

"कचरूभाऊ, अहो..." काकू म्हणाल्या. माझं वाक्य हवालदारांच्या कागदावर होतं.

बागवानांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "शेजाऱ्यांसाठी रकाने आहेत. माणूस स्वतःच नको म्हणाला तर लिहायला जागा नाही." मग त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, मामांची सही घेतली. टोपी काढून पायरीवर बसले.

"नोकरीचं काय?"

"जाईल."

"उद्या मला सुट्टी आहे. ससूनला जाऊन येऊ दोघं."

"मला काही होत नाही साहेब. काहीच होत नाही."

"तेच सांगू डॉक्टरांना."

बँकेने महिनाअखेरीला दुसरा बंदूकवाला ठेवला. दर गुरुवारी बागवान येतात, मामांना गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेतात. मामा जातात. गोळ्या घेतात. बरं वाटतं का विचारलं तर म्हणतात, "कळत नाही."

परवा रविवारी मी सिनेमाला निघालो, तर मामा फडकं घेऊन माझी मोटरसायकल पुसत होते. टाकी चकचकीत झाली होती. तरी हात थांबत नव्हता.

"मामा, पॉलिश निघेल."

"निघू दे."

मी किल्ली खिशात घातली आणि पायरीवर बसलो.